इस्माईलभाईंची दुसरी हाक

इंदापूरच्या एस.टी. स्टँडवर गाडी लागली की ती दोनदा पुकारली जायची. एकदा नियमाप्रमाणे आणि एकदा इस्माईलभाईंच्या मर्जीप्रमाणे. पहिल्या हाकेला ते कागदावरचं सगळं व्यवस्थित म्हणत : फलाट क्रमांक दोनवर निमगाव केतकी, लासुर्णे, जंक्शन, भवानीनगरमार्गे बारामतीला जाणारी गाडी लागली आहे. मग कंडक्टर दारात चढला की दुसरी हाक. ती कुठल्याच कागदावर नव्हती. तिच्यासाठी इस्माईलभाई केबिनच्या खिडकीतून अर्धे बाहेर वाकत, फाटकाकडे बघत आणि जो कोणी धावत येत असेल त्याच्याशी थेट बोलत. "लासुर्ण्याच्या मावशी, पळू नका. पिशवी फाटंल. गाडी थांबलीय तुमच्यासाठी." आणि गाडी खरोखर थांबलेली असायची. भाईंची दुसरी हाक झाल्याशिवाय डबल बेल द्यायची नाही, हा स्टँडचा रिवाजच पडून गेला होता. नवा कंडक्टर बदलून आला की जुने त्याला आधी हे शिकवत, तिकिटाचं मशीन नंतर.

इस्माईलभाई शेख वाढले वालचंदनगरच्या कामगार वसाहतीत. वडील कारखान्यात टर्नर होते आणि मशीनच्या घरघरीत बोलून बोलून त्यांचा आवाज मोठा झाला होता. मुलाने तोच उचलला. हुद्दा वाहतूक नियंत्रकाचा, अंगकाठी किरकोळ, सदऱ्याच्या खिशात कायम ज्येष्ठमधाचा तुकडा. विडी नाही, तंबाखू नाही, पान नाही. गळा म्हणजे आपलं हत्यार, ते म्हणत. त्यांच्या बायकोची, गौहरची, तक्रार वेगळीच होती. "सगळा आवाज स्टँडवर वाटून येता, आमच्या वाट्याला काय ठिवता?"

तसं एक ठेवलेलं होतं, मुलीसाठी. संध्याकाळी सायकल गल्लीत शिरली की ते हाक मारत, "नौशू!" त्यातला 'नौ' लांबलचक ओढलेला, आणि 'शू' एकदम तोडलेला. नौशीन रुसलेली असो, अभ्यासात असो, त्या हाकेला बाहेर यायचीच. शेजारचं म्हातारं माणूससुद्धा त्या हाकेवर चहा टाकायला सांगायचं.

नौशीन कॉम्प्युटर शिकायला रोज बारामतीला जायची. चार वर्षं ये-जा केली आणि चारही वर्षं तिला उशीर झाला. रोज सकाळी अख्ख्या स्टँडला भोंग्यातून ऐकू यायचं, "नौशीन शेख, केस गाडीत विंचर, आता पळ न्हाय तर पळू नको, गाडी थांबलीय." पोरीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. घरी येऊन ती भांडायची. भाई हसायचे आणि दुसऱ्या दिवशी तेच.

पुढे तिला पुण्यात मोबाइलवरचे खेळ बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली. भाई निवृत्त झाले, केबिनमधला माईक झाकून ठेवला गेला आणि भोंग्यातून आधीच भरून ठेवलेला एका बाईंचा स्वच्छ आवाज येऊ लागला. तो कुणालाच ओळखत नव्हता. भाई वर्षभर स्टँडकडे फिरकले नाहीत. घरात बसून ते वर्तमानपत्र मोठ्याने वाचत, आणि गौहर म्हणे, मी हितं समोर बसलेय, मला निमगावला बसल्यासारखं सांगू नका.

मग एका दिवाळीच्या सुट्टीत नौशीन घरी आली आणि म्हणाली, "अब्बा, मी एक खेळ करतीया. आपल्या स्टँडचा. तुमचा आवाज लागंल."

खेळ साधा होता. नाव 'फलाट क्रमांक दोन'. पडद्यावर एक स्टँड, गाड्या येतात, तुम्ही पुकारायचं, वेळेत गाडी सोडली की गुण. पण तिसऱ्या टप्प्यापासून फाटकातून माणसं धावत यायला लागत. कुणाच्या कडेवर लेकरू, कुणाच्या काखेत कुबडी. तुम्ही दुसरी हाक देऊ शकता; गाडी थांबते, गुण कापले जातात. नाही दिली तर गाडी जाते आणि ते माणूस बाकावर येऊन बसतं. पुढची गाडी येईपर्यंत ते तिथंच बसलेलं दिसत राहतं. हाक द्या किंवा देऊ नका, खेळ तुम्हाला काहीच सांगत नाही.

भाईंचा आवाज कपाटात भरला. खरंच कपाटात, रजया आणि गोधड्या रचलेल्या लाकडी कपाटाचं दार उघडून त्यात तोंड घालून ते बोलायचे, कारण आवाज तिथे घुमत नाही असं नौशीनने शोधून काढलं होतं. आठ दिवस ते काम चाललं. इस्माईलभाई दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून कपाटासमोर उभे राहत. प्रत्येक वेळी सुरू करण्याआधी म्हणत, "लाव गं नौशू." मग खाकरत, मग हाक. नौशीन रोज संध्याकाळी बसून ते "लाव गं नौशू" आणि ते खाकरणं कापून टाकायची. आवाज स्वच्छ हवा ना! ती शिकलेली होती, तिने काम चोख केलं. भाईंना ती केस विंचरायची हाकही भरायची होती. "ती नको अब्बा," ती म्हणाली, "माझ्या कंपनीतली माणसं ऐकतील." त्या आठ दिवसांत गौहरने नवऱ्याला जेवढं खुशीत पाहिलं तेवढं लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं, असं ती आजही सांगते.

आता त्या कंपनीबद्दल सांगायला हवं आणि सांगताना माझं डोकं फिरतं. कोणता खेळ करायचा आणि कोणता नाही, हे तिथे यशराज नावाचा तिशीतला साहेब ठरवायचा. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याचा असा ठाम समज होता की गेल्या वर्षी लोकांनी जे डोक्यावर घेतलं तेच ते पुढच्या वर्षी मागणार. भिंतीवर भला मोठा तक्ता होता. त्यात बंदुका, शर्यती आणि रोजची बक्षिसं वर होती. थांबणं कुठेच नव्हतं. नौशीनचा खेळ त्याने चाचणीला लावला. चाचणी म्हणजे काय, तर कॉलेजची बारा मुलं बोलावली, पिझ्झा दिला आणि प्रत्येकाला दहा मिनिटं खेळवलं. तिसरा टप्पा यायला वीस मिनिटं लागतात. म्हणजे बारातल्या एकानेही दुसरी हाक ऐकली नाही. नौशीनने हे सांगितलं, तर साहेब म्हणाला, ज्याला वीस मिनिटं लागतात तो खेळ नव्हे. आणि हा आवाज काढा, गावठी वाटतो.

बस मात्र त्याला आवडली होती. बसच्या टपावर बंदूक बसवून तिची महामार्गावर शर्यत लावली तर? झालं, कंपनी त्या शर्यतीच्या मागे लागली.

नौशीन त्या रविवारी घरी आली ती धुमसतच. जेवताना तिने सगळं सांगितलं. तक्ता, पिझ्झा, बंदूक, सगळं. भाई तिच्या ताटात भात वाढत होते. त्यांनी विचारलं, "आवाजाचं काय म्हणले?"

"गावठी वाटतो म्हणाले," ती त्याच तावात म्हणाली.

तिला म्हणायचं होतं की बघा, काय अक्कल आहे त्यांची. पण तेवढं वाक्य तिने उच्चारलं नाही, कारण अब्बांना ते कळलेलंच असणार असं तिला वाटलं. इस्माईलभाईंनी भाताचं भांडं खाली ठेवलं. इतक्या बोलण्यातून त्यांनी एकच शब्द उचलला. त्यांच्या मनाने पक्कं घेतलं की पोरीचा खेळ आपल्या गळ्यामुळे बुडाला.

तेव्हापासून ते बोलायचे कमी झाले. वर्तमानपत्र मनातल्या मनात वाचू लागले. हाका बंद. काही विचारलं तर हुं किंवा अंहं. गौहरला वाटलं, रुसलेत. गल्लीला वाटलं, निवृत्तीनंतर होतं असं. खरी गोष्ट अशी होती की गळा बसला होता आणि तो उठत नव्हता. पण पुकारणाऱ्याचा गळा दर पावसाळ्यात बसायचाच. त्यांनी ज्येष्ठमध चघळला, मिठाच्या पाण्याने गुळण्या केल्या. शिवाय ज्या आवाजाचं कौतुकच उरलं नाही तो बसला काय न् उठला काय. चार महिने असे गेले. माणूस गप्प आहे म्हणून घर हळहळत राहिलं, पण त्याला बोलता येत नाहीये, हे एकाच्याही ध्यानात आलं नाही. भाकरीचा घास गिळेना झाला तेव्हा कुठे डॉक्टरकडे नेलं.

पुण्याच्या डॉक्टरांनी तपासून सरळ सांगितलं. गाठ स्वरयंत्रातच आहे. स्वरयंत्र काढावं लागेल, गुरुवारी करू. माणूस वाचेल, आवाज राहणार नाही. मग ते बिचारे म्हणाले, "चार दिवस आहेत. घरच्यांसाठी काही बोलून भरून ठेवायचं असेल तर ठेवा. नावं, दुवा, काहीही. पुष्कळ जण ठेवतात."

नौशीनने रात्रीची वाट पाहिली नाही, दवाखान्याच्या बागेतच बाकावर बसून तिने फोन पुढे धरला. "अब्बा, बोला."

"काय बोलू?" आवाज फाटलेला होता, पण होता.

"कायबी. मला हाक मारा. नुसती हाक."

भाईंनी फोनवर हात ठेवून तो खाली केला. "त्या गावठी आवाजाचं काय करती बाळा? त्यानं तुझं नुकसानच झालं."

त्यांनी हे टोचून बोलायला म्हटलं नव्हतं. ते त्यांना मनापासून तसंच वाटत होतं, आणि हेच वाईट. नौशीन ढसाढसा रडली. असं न्हाय अब्बा, ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली, त्यांना अक्कल न्हाय, तुमच्या आवाजानं काय नुकसान झालं न्हाय. ते तिची पाठ थोपटत म्हणाले, "रडू नको. आवाजच चाललाय. माणूस हाय की." चार दिवस फोन उशाशी पडून होता. तो हातात घेतलेला दिसला की ते तोंड मिटून घेत.

गुरुवारी सकाळी त्यांना ट्रॉलीवरून नेलं. गौहर जिन्याशी थांबली होती, नौशीन खाली कसल्याशा कागदावर सही करायला गेली होती. शस्त्रक्रियेच्या खोलीचं दार दिसलं आणि इस्माईलभाईंना काय वाटलं कोण जाणे, ते कोपरावर उठले आणि त्यांनी हाक मारली, "नौशू!" आवाज वॉर्डबॉयच्या कानापलीकडे गेला नाही. त्यांनी दम घेतला. दुसरी द्यावी म्हणून तोंड उघडलं, तोवर ट्रॉली आत गेली होती.

हे त्यांनी कधी कुणाला लिहूनही सांगितलं नाही.

ते वाचले. गळ्यावर श्वासापुरतं छिद्र राहिलं आणि त्यावर गौहरने शिवलेला पांढऱ्या मलमलीचा रुमाल. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र दवाखान्याने दिलं होतं. ते एकदा लावून बघितलं, त्यातून पिठाच्या गिरणीसारखी घरघर आली आणि ते त्यांनी कपाटात रजयांच्या मागे सारलं. हातात पाटी आली.

त्याच थंडीत कंपनीचा शर्यतीचा खेळ बाहेर पडला. पुण्यात रस्तोरस्ती फलक, टीव्हीवर जाहिरात. तीन आठवड्यांत तो कुणी उघडेना. बंदुकीचे खेळ लोकांकडे आधीच चांगले होते. त्यांना बसवर बसवलेली बंदूक कशाला हवी होती? नौशीनने नोकरी सोडली होती. तिने मैत्रीण अफशीनच्या मदतीने आपला जुना खेळ, कंपनीने टाकून दिलेला, जसाच्या तसा, फुकट लोकांपुढे ठेवला. तिला तो चालवायचा वगैरे नव्हताच. अब्बांचा आवाज कुठेतरी जिवंत राहावा, एवढाच हेतू होता.

पहिल्यांदा तो कंडक्टर लोकांत फिरला, मग बारामतीच्या मुलींच्या वसतिगृहात. तिथून तो कुठे कुठे गेला याचा पत्ता लागेना. मस्कतला ट्रक चालवणाऱ्या एकाने लिहिलं, मी गुणांसाठी खेळत नाही, सगळ्यांना गाडी मिळवून देतो आणि झोपतो. मराठीचा गंध नसलेली माणसं "पळू नका, गाडी थांबलीय" पाठ म्हणू लागली. एका बाईने लिहिलं, माझ्या आईची शेवटची गाडी अशीच चुकली होती, मी रोज तिला थांबवते. उन्हाळ्यापर्यंत खेळणाऱ्यांचा आकडा बघणं नौशीनने सोडून दिलं. लोक फक्त एकच विचारत होते, हे काका कोण?

नौशीन एकेक पत्र भाईंना वाचून दाखवायची. ते ऐकायचे, मान हलवायचे. एकदा त्यांनी पाटीवर लिहिलं, 'गावठी न्हाय वाटत त्यांना?' नौशीनने नाही म्हणून मान हलवली आणि ती उठून मोरीत तोंड धुवायला गेली. भाईंना कळलं होतं. फक्त फार उशिरा कळलं होतं.

ती घरात एक गोष्ट शोधत होती, तेही भाईंना दिसत होतं. कॉम्प्युटर उघडून ती तासन् तास जुने तुकडे ऐके. निमगाव होतं, लासुर्णे होतं, साठ गावांची नावं होती, लासुर्ण्याच्या मावशी होत्या. नौशू नव्हती. ते सगळे "लाव गं नौशू" तिने स्वतःच्या हाताने कापले होते. लग्नकार्यांचे व्हिडिओ काढून बघितले, तर त्यात बँड वाजत होता आणि भाई पंगतीत मुकाट्याने बिर्याणी वाढत होते.

मे महिन्यात यशराजसाहेब पेढे आणि शाल घेऊन इंदापूरला आला. नौशीनने आधीच कळवलेलं असूनही गळ्याचा रुमाल बघून तो चपापला. त्याने माफी मागितली, ती खरीच मागितली. मग कामाचं बोलला. खेळ मोठा करू, तीनशे गावं घालू, आणि काकांना त्रास नको म्हणून त्याने सोय करून आणली होती. आहे त्या आवाजावरून मशीनने नवा आवाज बनवला होता. "मॅडम, हे खास तुमच्यासाठी," म्हणत त्याने फोन पुढे केला.

फोनमधून इस्माईलभाई म्हणाले, "नौशीन, मी तुझी वाट पाहत आहे."

आवाज भाईंचाच होता, पण आयुष्यात ते असं बोलले नव्हते. नौशीन हळूच म्हणाली, "नौशू म्हणायला लावा."

यशराजने टाइप केलं. फोन म्हणाला, "नौशू." दोन्ही अक्षरं सारखी, फलाटाच्या क्रमांकासारखी. तिने पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ऐकून ती आत गेली आणि स्वयंपाकघरातून गौहरचं "रडू नको गं" ऐकू आलं.

"लोकांना फरक कळणार नाही, काका," यशराज म्हणाला. लोकांना काय कळतं ते त्याला अजूनही माहीतच होतं.

भाईंनी पाटीवर लिहिलं, 'पुसून टाका.' आणि त्याने ते त्यांच्यासमोर पुसेपर्यंत पाटी खाली ठेवली नाही.

जूनमध्ये नौशीनला पुण्यात दुसरं काम मिळालं. रविवारी दुपारी ती निघाली. भाई पुढे जाऊन स्टँडवर उभे राहिले, पुण्याची गाडी लागताच खिडकीतून खिशातला रुमाल टाकून त्यांनी तिची जागा धरली. तेवढ्यात गल्लीतल्या कुणीतरी सांगितलं, नौशीन डबा विसरली म्हणून फाटकातूनच माघारी गेलीय, आलीच. कंडक्टर नवा होता, सोलापूरकडचा. त्याला कुणी काही शिकवलेलं नव्हतं. तो चढला आणि त्याने बेलची दोरी धरली.

भाईंनी दोन्ही हात वर केले. गाडीच्या पत्र्यावर थाप मारली. गर्दीत कुणाचं लक्ष नव्हतं. शेजारच्या बाकावर कॉलेजची एक मुलगी फोनवर खेळत बसली होती आणि तिच्या फोनमधून खणखणीत आवाज आला, "पुण्याची दुसरी हाक! अगं पोरी, पळू नको, गाडी थांबलीय तुझ्यासाठी!" मुलगी फोनकडे बघून हसली. डबल बेल झाली. जागेवरच्या रुमालासकट गाडी भाईंच्या हाताखालून निघून गेली.

फाटकात नौशीन दिसली. एका हातात बॅग, एका हातात डबा, केस सुटलेले. तिने जाणारी गाडी पाहिली आणि जागच्या जागी थांबली. इस्माईलभाई बाकाशेजारी उभे होते. त्यांनी तोंड उघडलं, 'नौ' लांब ओढला, 'शू' तोडला. गळ्यावरची मलमल तेवढी हलली.

एवढ्या लांबून तिने त्यांच्या ओठांकडे पाहिलं. "आले, अब्बा!" ती ओरडली आणि गर्दीतून धावत सुटली. भाई दोन्ही हातांनी नको नको करत होते. पळू नको, एवढंच त्यांना म्हणायचं होतं.